हौसेला मोल नाही, पण समोरच्याच्या वेळेला आहे
हौशी छायाचित्रकारांनी मॉडेलला पैसे द्यावेत का?

(गोंदियात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जण हसले असतील. आम्ही काही मुंबईच्या जाहिरात कंपन्या नाही. आमच्या मंडळात शिक्षक आहेत, राईस मिलमध्ये हिशेब बघणारे आहेत, रेल्वेतले आहेत, कॉलेजची मुलं आहेत. रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन निघायचं, कधी नवेगावबांधच्या तलावावर, कधी हाजरा फॉलला, कधी सारस दिसतो का बघायला धानाच्या बांध्यांकडे. या फोटोंतून आम्हाला दमडी मिळत नाही, उलट खिशातलेच जातात. मग आम्ही कुणाला पैसे का द्यायचे? हा प्रश्न बरीच वर्षं आम्हाला पडलाच नव्हता. तो पडला एका कॅलेंडरमुळे. आधी ती गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

काही वर्षांपूर्वी, रोवणीच्या दिवसांत, आम्ही पाचसहा जण आमगावच्या बाजूला गेलो होतो. आभाळ भरून आलेलं, बांधीत पाणी, ओळीनं वाकलेल्या बाया, हातात हिरवे पऱ्हे. फोटोवाल्याला आणखी काय हवं? आम्ही फोटो काढले. मग वाटलं, ओळ जरा सरळ असती तर. त्यांना म्हटलं, बाई, जरा मागे या, पुन्हा एकदा लावत या. त्या हसत हसत आल्या. मग ऊन पडलं, ते जाईपर्यंत थांबवलं. मग एकीला एकटीला उभं केलं, पऱ्ह्याची पेंढी डोक्यावर घेऊन. असा अर्धापाऊण तास गेला. जाताना आम्ही धन्यवाद म्हटलं, त्यांनीही 'या भाऊ पुन्हा' म्हटलं.

त्यातला एक फोटो आमच्या एका सदस्याने ओळखीच्या दुकानदाराला दिला, फुकट, केवळ मैत्रीखातर. त्याने तो दुकानाच्या कॅलेंडरवर छापला आणि गावोगाव वाटला. ती पेंढीवाली बाई खत आणायला गेली, तर भिंतीवर तीच. ती आणि तिचा भाऊ आमचा पत्ता काढत आले. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. भांडण झालं नाही. तिने शांतपणे विचारलं, "भाऊ, फोटो त माहा आहे ना? मंग मले काहून नाही इचारलं?" आणि भाऊ म्हणाला, "त्या दिवशी एकराचा ठेका होता. तुमच्यापायी बाया अंधार पडेपर्यंत बांधीत होत्या."

हे दुसरं वाक्य आम्हाला जास्त लागलं. रोवणी अनेकदा रोजीवर नसते, एकराच्या ठेक्यावर असते. जेवढं लावाल तेवढे पैसे. म्हणजे आम्ही घेतलेला पाऊण तास हा मालकाचा नव्हता, त्या बायांचा होता. दहा बायांचा पाऊण तास म्हणजे साडेसात तास. एका माणसाचा जवळपास पूर्ण दिवस आम्ही फुकट वापरला होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

आपण कुणाकुणाला पैसे देतो?

त्यानंतर आम्ही आमच्याच खर्चाची यादी केली. तुम्हीही करून बघा. नागझिऱ्याला जायचं तर प्रवेशाचं शुल्क, जिप्सीचं भाडं, गाईडचे पैसे, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क. आपण कुरकुरतो, पण भरतो. वाघ दिसला नाही तरी भरतो. लेन्स हजारोंची, कधी लाखाची. मेमरी कार्ड, बॅग, पेट्रोल, नाश्ता. स्पर्धेची प्रवेश फी. फोटो मोठा करून फ्रेम करायची तर त्याचे. या यादीत कॅमेरा कंपनी आहे, वनखातं आहे, पेट्रोल पंप आहे, फ्रेमवाला आहे. ज्या माणसामुळे फोटो झाला, तोच फक्त नाही. 'आम्ही हौशी आहोत' हे कारण आपण दुकानदाराला सांगत नाही. ते नेमकं सगळ्यात गरिबालाच सांगतो.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. खरं आहे. पण ती हौस आपली. समोरच्याची ती हौस असेलच असं नाही.

इतर हौशींचं काय चालतं ते बघा. एखादे निवृत्त गृहस्थ गाणं शिकतात, घरी बैठक करतात. तिकीट नाही, कमाई नाही. तरी तबलजी आणि पेटीवाला यांना पाकीट देतातच. 'मी हौशी आहे, तुम्हीही फुकट वाजवा' असं कुणी म्हणत नाही. आणि आपल्या झाडीपट्टीत तर याचा धडाच आहे. दिवाळीनंतर मंडई भरली की गावोगाव नाटकं लागतात. आज त्याच्या मोठ्या कंपन्या झाल्या, वडसा त्याचं केंद्र झालं. पण गावातली पोरं स्वतः नाटक बसवायची, दिवसा शेतात आणि रात्री तालमीत, तेव्हाही स्त्री भूमिकेसाठी नटी बाहेरून यायची, आणि तिची बिदागी आधी ठरायची. गावातला नट फुकट, कारण ती त्याची हौस. नटीला पैसे, कारण ते तिचं काम. एकाच रंगमंचावर दोन्ही उभे राहायचे आणि कुणाला त्यात विसंगती वाटायची नाही.

तिसरं उदाहरण मुंबईचं. सर ज. जी. कला महाविद्यालय, स्थापना १८५७. तिथे मुलं माणसाचं शरीर समोर बघून रेखाटायला शिकतात. त्यासाठी मॉडेल बसतात, आणि बसण्याचे पैसे त्यांना मिळतात. रवी जाधव यांचा २०१८ साली आलेला 'न्यूड' हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मुलाच्या शिक्षणासाठी हे काम पत्करणाऱ्या बाईची ती कथा आहे. ते पैसे पुरेसे असतात का, हा वेगळा प्रश्न. आपल्याला त्यातून एकच गोष्ट घ्यायची आहे. चित्र काढणारा विद्यार्थी त्या चित्रातून एक रुपया कमावत नाही, बहुतेक चित्रं तर रद्दीतच जातात. तरी बसणाऱ्याला मोबदला आहे. म्हणजे मोबदला हा चित्राच्या किमतीवर ठरत नाही. तो समोरच्याच्या वेळेवर आणि कष्टावर ठरतो.

मग प्रत्येक वेळी रोख द्यायची का?

नाही. इथे आम्ही सुरुवातीला दुसऱ्या टोकाला गेलो होतो. दिसेल त्याच्या हातात पन्नासची नोट. ते चुकलं. म्हातारबाबा बैलाला पाणी पाजतोय, आपण फोटो काढला आणि नोट पुढे केली. त्यांचा चेहरा पडला. "भिकारी समजले का आमाले?" असं एकांनी स्पष्ट विचारलं. म्हणून आम्ही आता प्रसंग वेगळे करून बघतो.

पहिला प्रसंग. समोरच्याला फोटो हवे आहेत. कॉलेजची मुलगी, नवा नट, नृत्य शिकणारा मुलगा. तो आपणहून म्हणतो, माझे फोटो काढा. इथे पैसे त्याने द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. तुम्ही देण्याचा प्रश्न नाही.

दुसरा प्रसंग. दोघंही शिकतायत. त्याला मॉडेलिंगचा सराव हवा, तुम्हाला पोर्ट्रेटचा. अशा वेळी वेळेच्या बदल्यात फोटो हा व्यवहार रास्त आहे. जगभर हौशी लोक तो करतात. पण तो खरा व्यवहार असला पाहिजे. किती फोटो देणार, कधी देणार, कोणत्या आकाराचे, हे आधी बोललेलं पाहिजे. आम्ही आमच्याच सदस्यांना विचारलं, मागच्या वर्षी ज्यांचे फोटो काढले त्यांना किती जणांनी दिले? निम्म्या लोकांनी माना खाली घातल्या. फोटो दिलेच नाहीत, तर ती अदलाबदल नाही, ती उधारी आहे.

तिसरा प्रसंग. कल्पना तुमची, गरज तुमची. तुम्हाला नवेगावच्या तलावावर पहाटे नऊवारीतली स्त्री हवी आहे, किंवा डोंग्यावर जाळं फेकणारा ढिवर हवा आहे, पुन्हा पुन्हा, उजेड बरोबर येईपर्यंत. इथे तो माणूस तुमच्यासाठी काम करतोय. इथे पैसे द्यायचे. तुम्ही हौशी असलात तरी द्यायचे.

चौथा प्रसंग. रस्ता, बाजार, मंडई, शंकरपट. लोक आपापल्या कामात आहेत, तुम्ही आहे तसं टिपताय. इथे पैसे देऊ नयेत असं आमचं मत आहे. पैसे दिले की माणूस तुमच्यासाठी उभा राहायला लागतो आणि मग ते 'आहे तसं' राहत नाही. पत्रकारितेतही याच कारणाने पैसे देऊन प्रसंग घडवणं गैर मानतात. पण पैसे द्यायचे नाहीत म्हणजे काही द्यायचंच नाही असं नाही. विचारायचं, किमान डोळ्यांनी तरी. नको म्हणाला तर कॅमेरा खाली. आणि छापलेला फोटो नेऊन द्यायचा. गावात आजही मोबाइलमधला फोटो हरवतो, भिंतीवरचा राहतो.

ओळख एकच आहे. 'जरा मागे या, पुन्हा एकदा करा' हे वाक्य तोंडातून निघालं की चौथा प्रसंग संपला आणि तिसरा सुरू झाला. रोवणीच्या बांधीत आमचं नेमकं तेच झालं होतं.

पाचवा प्रसंग असा की जिथे पैशांनी प्रश्न सुटतच नाही. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची यात्रा भरते. अनेक राज्यांतून लोक येतात, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांच्या श्रद्धेनं. रंग, नृत्य, वाद्यं, चेहरे, फोटोवाल्याला मोह होतोच. पण पूजा करणाऱ्या बाईला 'शंभर रुपये देतो, पुन्हा एकदा नमस्कार करा' म्हणणं म्हणजे तिची श्रद्धा भाड्यानं घेणं. तिथे जाणत्या माणसांना आधी विचारावं, जिथे नको म्हणतील तिथे काढू नये. पैशांचा विषयच काढू नये.

कायदा काय म्हणतो?

आम्ही वकील नाही, पण एवढं प्रत्येक फोटोवाल्याला ठाऊक असावं.

एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे फोटो काढणाऱ्याचा. ज्याचा चेहरा आहे त्याचा नाही. मॉडेलला पैसे दिले म्हणून तिला कॉपीराइट मिळत नाही. गंमत उलट बाजूला आहे. कुणी तुम्हाला पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा होतो. म्हणजे लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढलेत आणि काही लिहून घेतलं नाहीत, तर ते तुमचे नाहीत. व्यवहार बोलून घ्या म्हणतो ते यासाठीही.

दोन. कॉपीराइट तुमचा असला तरी चेहरा तुमचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटलं आहे की माणसाचं नाव किंवा प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग ठरू शकतो. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आमचं कॅलेंडर याच रेषेच्या पलीकडे गेलं होतं. दुकानदाराला आम्ही फुकट दिलं, पण त्याच्यासाठी ती जाहिरातच होती.

तीन. संमतिपत्र. १८७२ च्या करार कायद्यात मोबदल्याशिवायचा करार साधारणपणे टिकत नाही. मोबदला रोखच हवा असं नाही, दोन छापील फोटोही चालतात, रक्कम लहान असली तरी चालते. पण काहीतरी दिलं पाहिजे आणि ते कागदावर आलं पाहिजे. म्हणजे मॉडेलला काही देणं हे तिच्या भल्याचं आहेच, तुमच्याही भल्याचं आहे. संमतिपत्र मराठीत लिहा, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवा. फोटो कुठे जाणार ते स्पष्ट लिहा, प्रदर्शन, स्पर्धा, समाजमाध्यम, विक्री. 'कुठेही, कसाही, कायमचा' असं लिहून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

चार. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही चालत नाही. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्द, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. पालकांची लेखी संमती हवी आणि पालक समोर हजर हवेत.

एका आईचा फोटो

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक सांगतो. १९३६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, डोरोथिया लँग यांनी शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. खांद्यावर दोन पोरं, चेहऱ्यावर काळजी. तो 'मायग्रंट मदर' म्हणून ओळखला जातो. लँग सरकारी नोकरीत होत्या, फोटो सरकारी होता, त्यामुळे कुणीही वापरू शकत होतं. लँग यांनी पुढे स्वतःच लिहिलं की आपण त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. ती बाई कोण, हे १९७८ मध्ये कळलं, तब्बल ४२ वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. आपल्याला त्या फोटोचा काही लाभ झाला नाही ही खंत तिने बोलून दाखवली. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा उपचारासाठी घरच्यांना लोकांकडे मदत मागावी लागली. फोटो ओळखणाऱ्या लोकांनी ती दिलीही.

लँग वाईट होत्या का? नाही. त्या फोटोमुळे उपाशी मजुरांकडे देशाचं लक्ष गेलं. फोटो चांगला होता, हेतू चांगला होता, आणि तरी त्या बाईचा हिशेब राहून गेला. आमचं म्हणणं एवढंच आहे की हेतू चांगला असल्यानं हिशेब आपोआप मिटत नाही. तो वेगळा करावा लागतो.

आम्ही काय ठरवलं?

त्या कॅलेंडरवाल्या ताईंकडे आम्ही गेलो. माफी मागितली. किती द्यायचे विचारलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशीच्या सगळ्या बायांची अर्धी रोजी द्या. एकटीसाठी काही मागितलं नाही. आणि एक मोठा फोटो मागितला, पण पेंढीवाला नाही. लेकीबरोबर, धुतलेलं लुगडं नेसून, घरासमोर. तो आम्ही काढून दिला. स्पर्धेला तो कधीच लागला नसता. तो त्यांच्या घरात लागला आहे.

त्यानंतर मंडळाचा साधा नियम झाला. कुणाला थांबवलं, उभं केलं, पुन्हा करायला लावलं तर पैसे. अर्धा दिवस घेतला तरी पूर्ण दिवसाची रोजी, कारण अर्ध्या दिवसासाठी दुसरं काम मिळत नाही. फोटो पंधरा दिवसांत पोचवायचे. पुढे कधी फोटो विकला गेला किंवा बक्षीस मिळालं, तर ठरलेला वाटा द्यायचा. आणि दुसऱ्या कुणाला फोटो देण्याआधी पुन्हा विचारायचं, फुकट देत असलो तरी. सहलीचा खर्च वाटून घेतो तेव्हा पेट्रोलच्या ओळीखाली आता 'माणसांचे' अशी एक ओळ असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*दर काय धरायचा?*

खालची पायरी म्हणून रोजगार हमीचा दर बघा. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी तो दिवसाला ३१२ रुपये होता. पण रोवणी-कापणीत गावात मजुरी चढते, तेव्हा गावचा दर धरायचा. ज्याला पोज देण्याचं कसब आहे, नृत्य येतं, ज्याचा स्वतःचा पोशाख आहे, त्याला याहून जास्त. त्याचा दर त्यालाच विचारा. परवडत नसेल तर सांगा, परवडत नाही. घासाघीस करून फुकटावर आणू नका.

*एकाला दिले की गाव मागे लागतं. पुढच्या फोटोवाल्याची पंचाईत होते.*

होते, खरं आहे. पण बघा, हा आक्षेप आपण जिप्सीवाल्याबद्दल घेत नाही. कामाचे पैसे ठरवून, काम झाल्यावर, त्याच माणसाच्या हातात दिले की गाव मागे लागत नाही. गाव मागे लागतं ते नोटा वाटल्या की. मजुरी आणि खिरापत यातला फरक गावाला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

*(मागून एका मुलीचा प्रश्न) मला मोफत पोर्टफोलिओ करून देतो असा मेसेज आला आहे. जावं का?*

ताई, बरं झालं विचारलंस. मोफत म्हणजे वाईट असं नाही, पण मोफत असलं की प्रश्न विचारायला आपण लाजतो, त्याचाच काही लोक फायदा घेतात. आधी त्यांचं पूर्वीचं काम बघ, आणि ज्यांचे फोटो काढलेत अशा दोन मुलींशी स्वतः बोल. सोबत कुणाला तरी आणणार म्हणून सांग. 'एकटीच ये' म्हणाले तर जायचं नाही, एवढं पुरे. कपडे कोणते ते आधी ठरलेलं हवं, बदलायला बंद जागा हवी. तलावाकाठी झाडामागे नाही. तिथे ऐनवेळी मागणी वाढली तर 'नाही' म्हणायचा हक्क तुझा आहे, पैसे घेतले असले तरी. आणि कपडे बदलतानाचे किंवा तसले खासगी फोटो लपून काढणं हा गुन्हा आहे. काढायला होकार असला, तरी तुझ्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याला पाठवणं हाही गुन्हाच.

आणि इथे बसलेल्या कॅमेरेवाल्यांना सांगतो, या मुलीला हा प्रश्न पडू नये ही जबाबदारी आपली आहे. व्यवहार उघड असला, कागदावर असला, सोबतीला कुणी असलं, तर तिच्या घरचेही निर्धास्त राहतात आणि पुढच्या रविवारी आपल्याला मॉडेलही मिळते.

थांबतो. मंडईचे दिवस आलेत. कॅमेरे घेऊन जा, भरपूर फोटो काढा. जाताना खिशात थोडे सुटे पैसे आणि एक वही ठेवा. वहीत ज्यांचे फोटो काढाल त्यांची नावं आणि गाव लिहून आणा. फोटो पोचवायचे आहेत.